गोल खिडकी आणि लोखंडी उंबरा

पोर्ट म्हणजे बंदर, एवढं इंग्रजी मला येत होतं. तेवढ्याच भांडवलावर मी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका भल्या माणसाचा निरोपसमारंभ पाण्यात घातला.

पेनांगला निघालेले एक चेट्टियार सावकार आमच्या काउंटरवर आले. धक्क्यावर सगळं गोत निरोप द्यायला येणार होतं, तेव्हा जिच्या खिडकीतून ते दिसेल अशी केबिन त्यांना हवी होती. मी जहाजाचा नकाशा पसरला. एका बाजूला छापलं होतं, ‘पोर्ट साइड’. मी छाती पुढे काढून सांगितलं, “ही घ्या. पोर्ट साइड म्हणजे बंदराच्या बाजूची. खात्रीनं.”

पोर्ट म्हणजे खलाशांच्या भाषेत डावी बाजू, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. जहाजाचं तोंड जिकडे असेल त्याप्रमाणे ती डावी बाजू धक्क्याकडे येते किंवा येत नाही. त्या दिवशी आली नाही. उजवीकडे चेट्टियारांचं गोत हार आणि नादस्वरम घेऊन उभं, आणि डावीकडच्या खिडकीत चेट्टियार. त्यांच्यासमोर कोळशाचा एक तराफा होता, आणि त्यावर एक माणूस दात घासत होता.

वर्षानं परत आल्यावर ते स्वतःच मला म्हणाले, “काय करणार राव, मी त्यालाच हात हलवला. त्यानंही हलवला. सभ्य माणूस होता.”

तर असा मी. मद्रास बंदरासमोरच्या एका जहाज एजंटाच्या कचेरीत मी तिकीट-कारकून होतो. हल्ली विमानं झाल्यापासून आमच्या काउंटरवर माश्याच जास्त बसतात. पण त्या वर्षांत पेनांग आणि सिंगापूरच्या बोटीची तारीख जवळ आली की कचेरीला लग्नघराची कळा यायची. माणसं तिकीट काढायला यायची आणि केबिन निवडताना घरातली सगळी भांडणं माझ्यापुढे मांडून जायची. तेव्हा केबिन निवडायची कशी, ते आधी सांगतो. आता कुणाला त्याचा काडीचा उपयोग नाही, म्हणून अगदी मोकळेपणानं सांगतो.

बोटीवर सर्वांत वर पहिला वर्ग. तिथं साहेब, मळ्यांचे मालक आणि मालकांचे जावई. सर्वांत खाली डेक. तिथं केबिन-बिबिन भानगड नाही. चटई पसरायची, ट्रंक उशाला घ्यायची, आणि शेजारच्या कुटुंबाशी पेनांगपर्यंत सोयरीक जुळवायची. आमची मध्यमवर्गीय मंडळी असायची मधे, दुसऱ्या वर्गात. आणि डोक्याला ताप तिथंच होता.

दुसऱ्या वर्गातल्या बहुतेक केबिनी चार जणांच्या. बाहेरच्या अंगाच्या केबिनीला एक गोल खिडकी. येणारा प्रत्येक जण त्या खिडकीवर जीव टाकायचा. मी अनुभवानं सांगायला शिकलो होतो, की बाबांनो, आषाढ-श्रावणात वारा उठला आणि लाटा चढल्या की बोटीवरचा माणूस येऊन ती खिडकी पिळून बंद करतो. मग तिचा उपयोग भिंतीवरच्या कॅलेंडरइतकाच. त्यापेक्षा बोटीच्या मध्यावरची केबिन घ्या, तिथं हेलकावे कमी. टोकाची घ्याल तर पाळण्यात बसल्यासारखं होईल आणि सांबार-भात आल्या वाटेनं परत जाईल. कुणी ऐकत नसे. खिडकी म्हणजे खिडकी.

आतल्या अंगाला, इंजिनाच्या भिंतीला लागून, दोन-चार केबिनी अशा होत्या की त्यांना खिडकीच नाही. छताजवळच्या नळीतून वारा फुंकायचा, तोही गरम. त्या फक्त दोन जणांच्या, वर एक बर्थ, खाली एक. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी वरदन त्यांना ‘पत्तायम’ म्हणायचा. पत्तायम म्हणजे तंजावरकडच्या घरातली भाताची लाकडी कोठी. बाहेरून भक्कम, आत काळोख. नाव इतकं चपखल, की आमचा अँग्लो-इंडियन साहेबसुद्धा “पत्तायम सेल झाला का?” असं विचारू लागला. पत्तायम कधीच सेल व्हायचा नाही.

आणि एक नियम होता, तो या गोष्टीचा गाभा आहे. चार जणांच्या केबिनीत बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. नवरा-बायको असा, आजोबा-आजी असा, कंपनीला नात्याशी देणंघेणं नव्हतं. दुसऱ्या वर्गाच्या पैशात नवरा-बायकोला एका दाराआड राहायचं असेल तर जागा एकच, पत्तायम. पण वीस वर्षं संसार झालेली जोडपी हे ऐकून मुळीच खट्टू होत नसत. उलट एका गृहस्थानं मला हळूच विचारलं होतं, “बायकांची केबिन आणि पुरुषांची केबिन, दोन्ही बोटीच्या दोन टोकांना मिळतील का?”

गिऱ्हाइकं अशीच. एका ज्योतिष्यांना उत्तरेकडे डोकं येणार नाही असा बर्थ हवा होता. मी नकाशावर बोट फिरवून सांगितलं, बोट पूर्वेला जाते, तेव्हा या बर्थवर तुमचं डोकं दक्षिणेला. ते खूश. मग त्यांच्या लक्षात आलं, “पण पेनांगनंतर बोट वळते ना?”

“वळते.”

“मग मी काय करायचं?”

“तुम्हीही वळायचं,” मी म्हणालो.

एवढा सल्ला देणारा मी, पण स्वतः बोटीवर एक रात्रसुद्धा काढलेली नव्हती. बोट सुटण्यापूर्वी कागद घेऊन वर जायचं आणि भोंगा झाला की शिडीवरून खाली पळायचं, एवढाच माझा समुद्रप्रवास. त्यावर बायकोनं बोलायचं म्हणजे ती बोलणारच. “ब्रह्मचाऱ्यानं बाळंतविडा विकावा, तसं आहे तुमचं,” ती म्हणायची.

बायको माझी सातारकडची. तिचे वडील रेल्वेच्या हिशेबखात्यातून बदलून मद्रासला आले आणि मुलगी इथं देऊन बसले. आम्ही तंजावरचे मराठी. शेकडो वर्षांपूर्वी आमचे पूर्वज दक्षिणेत उतरले, आणि त्यांनी बरोबर आणलेली भाषा आम्ही लोणच्यासारखी मुरवून ठेवली, अधूनमधून तमिळचं मीठ घालून. तमिळला आम्ही ‘अरवी’ म्हणतो, झालंला ‘जालं’ म्हणतो. मुलगी पाहायला गेलो तेव्हा मी तिच्या भावाला अदबीनं विचारलं, “आपलें मद्रासेंत येणें केव्हां जालें?” तो बिचारा आत जाऊन म्हणाला, “ताई, नवरा मुलगा ऐतिहासिक नाटकातलं बोलतोय. करून टाक, करमणूक होईल.”

लग्नानंतर थोडे दिवस आम्ही ट्रिप्लिकेनला माझ्या आईकडे राहिलो. मग पहिल्याच पावसाळ्यात वेस्ट मांबलमला एका घराच्या मागच्या अंगाची खोली घेतली. खोली लहान, पण छान हवेशीर. संसार तिथं सुरू झाला. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

आता रुक्माबाई.

त्या काउंटरवर आल्या त्या तीन माणसांच्या मिरवणुकीच्या अग्रभागी. नऊवारी नव्हे, आमच्याकडे आता असतं तसं मद्रासी वळणाचं लुगडं, कपाळ मोकळं, हातात पितळी कूजा, म्हणजे तोटीचा पाण्याचा तांब्या. मागे मुलगा पंचापकेश, घरचं नाव पंचू, मलायातल्या रबराच्या मळ्यावर कारकून. त्याच्याही मागे, खांबाच्या आडोशाला, नवी सून कमला. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. हळदीचा रंग अजून पायांवर होता.

तमिळमध्ये बोलायला सुरुवात करून, माझं तोंड न्याहाळून, बाईंनी मधेच भाषा बदलली. “तूं राव ना रे? कोणांतला?”

राव म्हणजे इकडे मराठी माणूस. मी माझं नाव, कूळ, गाव, आजोबांचं नाव सांगितलं. कुंभकोणमची कुठलीशी आतेसासू निघाली आणि मी क्षणात कंपनीच्या कारकुनाचा रुक्माबाईंचा भाचा झालो. तिकिटाच्या भावात फरक पडत नाही, पण गिऱ्हाइकाचा हक्क वाढतो.

“रामचंद्रा, ऐक. मला नि सुनेला बायकांच्या खोलींत दे. खिडकीची. पंचूला पुरुषांच्या खोलींत टाक कोठें तरी.”

पंचूचा चेहरा धक्क्यावर राहिलेल्या माणसासारखा झाला. “अम्मा,” तो म्हणाला, “दोघांचीही एक केबिन असते, असं ऐकलंय...”

“आडी आहे,” बाई म्हणाल्या. विषय संपला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आडी हा तमिळ महिना. आपल्या आषाढाच्या जवळपास पडतो, पण सूर्यावर चालतो. त्या महिन्यात नव्या नवरा-बायकोनं एकत्र राहायचं नाही, अशी इकडची रीत. हिशेब सरळ आहे: आडीत एकत्र आले तर मूल येतं चित्तिरैत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. आणि चित्तिरैतलं मूल बापाला रस्त्यावर आणतं, अशी म्हणच आहे. आम्ही तंजावरची मंडळी गणपती-गौरी चंद्रावर करतो, पोंगल-आडी सूर्यावर पाळतो. दोन्हीकडची पक्वान्नं मिळतात, तशी दोन्हीकडची सुतकंही पाळावी लागतात.

“जागा बघून ठेवतो, मावशी,” मी म्हणालो. “उद्या या.”

ती तिघं गेली, आणि थोड्या वेळानं पंचू एकटाच धावत परत आला. छत्री विसरली म्हणाला. छत्री त्याच्या काखेतच होती.

“सार,” तो म्हणाला, “तुम्हीच काहीतरी करा. मळ्यावर आमची हजेरी पहाटे काळोखात असते. घरी येतो तेव्हा दिवे लागलेले असतात. एक खोली नि पडवी, त्यात आम्ही तिघं. हा बोटीवरचा आठवडा, सार, एवढाच काय तो मोकळा आहे. लग्नापासून ती माझ्याशी किती बोलली आहे ठाऊक आहे?”

“किती?”

“‘पाणी हवं का’ आणि ‘नको का’.”

मी हसलो, पण त्याला हसू येत नव्हतं. “काल ती चुलतीपाशी रडत होती. मी ऐकलं. म्हणत होती, परक्या मुलखात, परक्या माणसाबरोबर चालले. सार, परका माणूस म्हणजे मी.”

आता यात मी काय करणार? पत्तायम रिकामा होता. तो नेहमीच रिकामा असायचा. पण आडी उठवण्याचा अधिकार जहाज एजंटाला नसतो. वरदन म्हणाला, “राव, आपण तिकिटं विकतो, मुहूर्त नाही.” तरी “खोकला आला की जागा बदलून देण्याचा नियम आहे, बाईंना खोकला आहे का?” एवढं तो विचारून गेला. वरदन मनानं चांगला.

घरी जेवताना मी हे सगळं बायकोला सांगितलं. तिनं ताक वाढता वाढता विचारलं, “तुमची आडी आहे, म्हणजे आमचा आषाढही चालू असेल ना अजून?”

“आहे अमावास्येपर्यंत.”

“मग झालं तर. नवी सून आणि सासू, यांनी पहिल्या आखाडात एक उंबरा ओलांडायचा नसतो.”

हे मला तिनं पूर्वी एकदा सांगितलं होतं. आमच्या पहिल्या आषाढात. ट्रिप्लिकेनच्या घराला उंबरा एकच. माझी आई काही घर सोडून जाणार नव्हती. तेव्हा महिन्याभरापुरतं म्हणून आम्ही वेस्ट मांबलमची ती खोली घेतली. आईनंही तक्रार केली नाही. सातारकडची रीत म्हणजे आमच्याकडे साक्षात शास्त्र! पुढे घर बदललं, पण तो महिना अजून संपायचा आहे.

“पण बोट म्हणजे एकच छप्पर,” मी शंका काढली.

“छपराचं कोण बोलतंय? उंबऱ्याचं विचारा. बोटीला उंबरे असतात का?”

माझ्या हातातला घास तसाच राहिला. असतात! पाणी आत शिरू नये म्हणून केबिनीच्या प्रत्येक दाराला लोखंडी उंबरा असतो, चांगला वीतभर उंच. त्याला अडखळून मी स्वतः दोनदा साहेबाच्या अंगावर पडलो होतो. मुद्दाम उंबरा पाळण्यासाठीच बांधली असावी, अशी ती बोट होती.

दुसऱ्या दिवशी रुक्माबाई आल्या. मी नकाशा पसरला, पेन्सिल कानावर ठेवली, आणि शक्य तितक्या निरागसपणे म्हणालो, “मावशी, बायकांच्या केबिनीत खिडकीजवळ दोन जागा आहेत. पण माझ्या मनात एक शंका आली. आषाढ चालू आहे. पहिला आषाढ, नवी सून, आणि दोघींना एकच उंबरा... तुम्हांला चालेल ना?”

बाईंनी कूजा काउंटरवर ठेवला. “काय उंबरा?”

“नाही, आमच्या मंडळी म्हणत होत्या. पहिल्या आषाढात सासू-सुनेनं एक उंबरा ओलांडायचा नाही म्हणे. सातारकडे फार कडक असतं.”

“तुझी बायको सातारची?”

“तिकडचीच.”

तंजावरच्या कुठल्याही मराठी घरात जा. अरवी आम्ही झोपेत बोलू, पण ‘आमचे मूळ पुरुष साताऱ्याकडचे’ हे वाक्य जागेपणी रोज एकदा म्हणतो. त्या मुलखातून खास आलेली रीत आपल्याला ठाऊक नाही, असं कबूल करणं म्हणजे आपलं कूळच कबूल न करणं. रुक्माबाईंच्या चेहऱ्यावर एक क्षण कोरी पाटी दिसली. मग त्या ताठ बसल्या.

“मला शिकवतोस काय रे? आमच्या आजेसासू पाळत होत्या ते. मध्यंतरी सुटलें.”

वरदननं टेबलाखाली वाकून काहीतरी शोधायला सुरुवात केली.

“मग सुनेला बायकांच्या दुसऱ्या खोलींत दे,” बाई म्हणाल्या.

“दुसरीत तिघी मिशनच्या बाया आहेत. सकाळी अंडी खातात. केबिनीतच मागवतात.” हे अगदी खरं होतं. देवानं मिशनला अंडी माझ्यासाठीच दिली होती.

“अय्यो. मग कोठें?”

“एक आतली आहे, दोन जणांची. पत्तायमसारखी. खिडकी नाही.”

“त्यांत दुसरं कोण?”

मी पंचूकडे पाहिलं. पंचू छताच्या पंख्याकडे पाहत होता. कमला खांबाला आणखी चिकटली.

रुक्माबाईंच्या डोळ्यांत तराजू दिसत होता: एका पारड्यात आडी, दुसऱ्यात आषाढ. शेवटी त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “जड कोणतें रे?”

“आडी काय, अरवी लोकांची,” मी म्हणालो. “आषाढ आपला.”

वरदन तमिळ अय्यंगार. त्याला मराठी कळत नाही असं मी धरून चाललो होतो. संध्याकाळी त्यानं मला कॉफी पाजायला लावली.

“बर्थ एकावर एक आहेत ना?” बाईंनी शेवटची अट घातली. “सून वर निजेल, मुलगा खालीं. तेवढीच आडी.”

“शिडीसुद्धा आहे मधे,” मी गंभीरपणे म्हणालो. तेवढंच मला सुचलं. खांबाआडून एक आवाज आला. शिंक होती की हसू, सांगता येत नाही.

बोट सुटायच्या दिवशी मी कागद घेऊन वर गेलो. रुक्माबाईंची केबिन मी या खेपेला स्वतः जाऊन पाहून ठेवली होती. खिडकी खरोखरच धक्क्याच्या बाजूला आली होती. चेट्टियारांचं पाप थोडं तरी फिटावं! कुंभकोणमहून आलेलं सगळं गोत खाली उभं होतं. पण खिडकीत बाई नव्हत्या.

त्या मला पत्तायमच्या दाराशी सापडल्या. आत पंचू ट्रंक सरकवत होता आणि कमला शिडीला हात लावून उभी होती. आत उकाडा असा, की इडल्या आपोआप वाफवून निघाल्या असत्या. रुक्माबाई उंबऱ्याबाहेर, दोन्ही पाय जोडून, अगदी रेघेवर उभं राहावं तशा उभ्या होत्या. कमरेतून वाकून त्यांनी चिंचेच्या भाताचा डबा आत धरला. मग लोणच्याची बरणी. मग थोडा विचार करून तो पितळी कूजासुद्धा.

“तुम्हांला पाणी, अम्मा?” कमलेनं विचारलं. सून त्यांच्याशी बोललेली मी ऐकली, ते हे पहिलं वाक्य.

“मला काय, त्या बाया देतील,” बाई म्हणाल्या. हात आत, पाय बाहेर. एकुलता मुलगा वर्षानुवर्षं परमुलखात. इतक्या दिवसांनी त्याच्याबरोबर एका बोटीत बसल्या, तर मधे हा उंबरा. आणि तो मी आणून ठेवलेला. मला एकदम वाटलं, सांगून टाकावं की मावशी, या आत, काही होत नाही. तेवढ्यात भोंगा झाला. मी नेहमीप्रमाणे शिडीवरून खाली पळालो.

खालून पाहिलं तर रुक्माबाई आपल्या गोल खिडकीशी पोचल्या होत्या. गोताला त्यांनी हात हलवला. मला हलवला नाही.

वर्ष उलटून गेलं. एके सकाळी बोट लागली होती आणि मी काउंटरवर कुणाला तरी उजवं-डावं समजावत होतो. समोर पितळी कूजा येऊन आदळला.

“रामचंद्रा. नातू जाला.”

“अरे वा, मावशी! केव्हा?”

“चित्तिरैंत.”

माझ्या कानावरची पेन्सिल खाली पडली. वरदन पुन्हा टेबलाखाली गेला. मला विचारायचं धाडस होईना, आणि न विचारताही राहवेना. “आणि... पंचू? बरा आहे ना?”

“पंचू?” बाईंनी मोठा सुस्कारा टाकला. “रस्त्यावर आला.”

मी खुर्चीचा हात धरला.

“मळ्यांत नवे रस्ते करायला घेतलेत,” बाई म्हणाल्या. “मळ्याच्या गोऱ्या दोरैसाहेबानं त्यावर सुपरवायझर नेमला त्याला. पगार वाढला, सायकल दिली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रस्त्यावरच असतो. आपल्या म्हणीला खोटं कोण म्हणेल, सांग!”

आणि त्या हसल्या. मीही हसलो, पण माझं हसू यायला जरा वेळ लागला.

मग माझी खरडपट्टी निघाली. “खिडकीची खोली म्हणे! नागपट्टणम गेलें नि एक माणूस आला, पिळून बंद करून गेला. सबंध वाट काचेवर फेस बघत बसलें. मनांत म्हटलं, मला वारा नाहीं, तर त्या पत्तायमांत त्या पोरांचें काय जालें असेल. पेनांगला उतरल्यावर सुनेला विचारलं, खिडकी नव्हती, गुदमरलीस का गे? तर म्हणते कशी...”

“कशी?”

“‘खिडकी नव्हती का?’”

वरदन टेबलाखालून वर आलाच नाही.

“आणखी एक,” बाई पुढे वाकल्या. “पेनांगला एक पुण्याची बाई भेटली. तिला तो उंबरा विचारला. ऐकलंही नाहीं म्हणाली.”

मी कूज्याकडे पाहिलं.

“मी सांगितलं तिला,” बाई म्हणाल्या, “तुम्हां पुण्याच्यांस काय ठाऊक? सातारची रीत आहे ती. आमच्या आजेसासू पाळत होत्या.” आणि एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की त्या दिवशी काउंटरच्या कुठल्या बाजूला कोण कुणाला बनवत होतं, याची मला आजतागायत खात्री नाही.

कुंभकोणमचं घर आवरून त्या कायमच्या मुलाकडे जाणार होत्या. परतीच्या जागेसाठी मी नकाशा पसरला. “पत्तायम देऊ, मावशी? रिकामा आहे.”

“मेल्या, एकटीनं पत्तायमांत काय करूं? बायकांच्यांत दे. खिडकी नसली तरी चालेल. बोलायला माणूस हवें.”

इतकी वर्षं मी खिडक्या विकल्या. मध्यावरची बरी की टोकाची, वाऱ्याची बाजू कुठली, खालचा बर्थ कुणाला, सगळं तोंडपाठ. त्या सगळ्या शहाणपणाचा निकाल या बाईनं एका वाक्यात लावला, आणि तो मला नकाशावर कुठं दाखवता येईना.

संध्याकाळी घरी आलो. बायको पडवीत कढीलिंब निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. कमलेच्या उत्तराला ती इतकी हसली, की पानं काड्यांत गेली. मग मी हळूच विचारलं, “बाकी ती उंबऱ्याची रीत सातारचीच ना?”

“असेल.”

“असेल म्हणजे?”

“आमच्या आईनं कधी पाळली नाही. शेजारी हुबळीच्या कानडी काकू होत्या, त्यांच्याकडे होती. मला बरी वाटली, घेतली.”

म्हणजे माझ्या आईच्या घरातून आम्ही बाहेर पडलो ते हुबळीच्या आधारावर! ट्रिप्लिकेनचं ते मोठं घर, तो चौक, विहीर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण माणसानं झाल्यात समाधान मानावं. मी म्हणालो, “जाऊ दे. रीत कुणाचीही असो. आपली ती मागची खोली मात्र छान होती. लहानशी, पण कशी हवेशीर!”

बायकोचे हात थांबले. तिनं वर पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली, “त्या खोलीला खिडकी कुठं होती?”